मदत हवी आहे : तोरणमाळचं जांभळं फूल कोणत्या व्हायोलाचं?

नमस्कार मंडळी. तोरणमाळला ओढ्याकाठच्या सावलीत व्हायोलाचं, म्हणजे व्हायोलेटचं, वाटणारं एक छोटं जांभळं फूल दिसलं. आपल्या खानदेशातल्या माळावर पावसाळ्यात रतनपुरुष भेटतो, तोही व्हायोलेटच्याच कुळातला. पण त्याला उभं खोड, अरुंद पानं आणि खालची एकच पाकळी भलीमोठी. हे नक्कीच ते नाही. याला वर खोडच नाही. पानं थेट जमिनीतून उठलेली, लांबट त्रिकोणी, कडा बोथट दातेरी आणि देठाच्या दोन्ही अंगांना हिरवी पट्टी चिकटलेली. फुलामागे आखूड, गोलसर, पोकळ शेंडी. जमिनीवर पसरणारे धावते कोंब नाहीत, पानही हृदयाकृती नाही, म्हणजे सुवासिक बनफशा ही व्हायोलाची जात बाद. माझा कल व्हायोला बेटोनिसिफोलिया या जातीकडे आहे. जुन्या पुस्तकांत अशाच रोपांना व्हायोला पॅट्रिनी या दुसऱ्या जातीचं नाव दिलेलं आढळतं, तिथेच अडलोय.

जाणकारांनी सांगावं, या दोघांत भरवशाची खूण कोणती: शेंडीची लांबी, बाजूच्या पाकळ्यांच्या आतली लव, की देठाला जोडलेली उपपर्णं (देठाच्या बुडाशी असणारी छोटी पानासारखी अंगं)? फुलाचा रंग मला पुरेसा वाटत नाही. रोप उपटायचं नाहीये, जागेवरच भिंगाने बघता येईल अशीच खूण सुचवा. तीन फाकांत उघडणारं बोंड धरलं की पुन्हा जाणार आहे, तेव्हा बियांचं काय टिपू?