प्लगला क्लेब्सिएलावर झोन येतो, अर्काला येत नाही. रेणू गेला कुठे?

अगार_प्लग
शेतातल्या मातीतून वेगळा केलेला स्ट्रेप्टोमायसिस (प्रतिजैविकं बनवणारा जिवाणू) आहे. आयएसपी-२ या अगार माध्यमावर ७ दिवस वाढवून ६ मिमीचा प्लग (अगारचा गोल तुकडा) क्लेब्सिएला न्यूमोनिया या रोगजंतूच्या लॉनवर (प्लेटभर पसरलेल्या थरावर) ठेवला की १६ मिमीचा स्वच्छ झोन (जंतू न वाढलेला गोल) येतो. तोच स्ट्रेन ब्रॉथमध्ये (द्रव माध्यमात) वाढवला, गाळून इथाइल ॲसिटेटने तीनदा अर्क काढला, सुकवून डीएमएसओ या द्रावकात विरघळवला. त्यात भिजवलेल्या कागदी डिस्कभोवती काहीच नाही. अर्क काढून उरलेला पाण्याचा थर फ्रीजमध्ये ठेवलाय. आता पुढे काय?

रेझिन_कॉलम
तो थर टाकू नका! क्लेब्सिएलासारख्या ग्रॅम-निगेटिव्ह (दुहेरी आवरणाच्या) जिवाणूंना मारणारे मातीतले बरेच रेणू धनभारित आणि पाण्यात विरघळणारे असतात. स्ट्रेप्टोमायसिन, स्ट्रेप्टोथ्रिसिन ही दोन्ही प्रतिजैविकं तशीच, इथाइल ॲसिटेटमध्ये उतरतच नाहीत. सवयीने सगळे हाच द्रावक वापरतात, म्हणून हाती लागतात ते बहुतेक स्टॅफवर (स्टॅफिलोकोकस जिवाणूवर) चालणारे तेलकट रेणू.

आधी अर्क न काढलेला ब्रॉथ अगारमध्ये पाडलेल्या विहिरीत (खळग्यात) घालून बघा. पुष्कळ स्ट्रेप्टोमायसिस अगारवर रेणू बनवतात, फ्लास्कमध्ये नाही. तसं असेल तर प्लेटाच कुस्करून पाण्यात भिजवा. ब्रॉथमध्ये झोन आला तर पाण्याच्या थरातलं उरलेलं इथाइल ॲसिटेट पूर्ण उडवून, पीएच ७ करून ॲम्बरलाइट आयआरसी-५० या धनभारित रेणू धरून ठेवणाऱ्या रेझिनच्या कॉलमवर (सोडियम रूपात) चढवा. पाण्याने धुवा, ०.५ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने उतरवा, प्रत्येक भाग लगेच उदासीन करा. उदासीन केल्यावर मीठ साठतं आणि मीठही वाढ रोखतं, म्हणून कोऱ्या ब्रॉथचा कॉलम सोबत चालवायलाच हवा.

एमआयसी_वाली
कॉलमच्या आधी दोन दिवस ओळख पटवण्यात घाला, पुढचे महिने वाचतील. स्ट्रेप्टोथ्रिसिन मातीत इतकं सर्रास सापडतं की पहिला संशय त्याच्यावरच घ्यावा. नॅट१ या स्ट्रेप्टोथ्रिसिन निकामी करणाऱ्या जनुकाचा प्लास्मिड (डीएनएचं छोटं कडं) असलेला ई. कोलाय आणि तोच प्लास्मिड रिकामा असलेला ई. कोलाय, दोघांच्या लॉनवर तोच प्लग ठेवा. नॅट१ वर झोन नाहीसा झाला तर स्ट्रेप्टोथ्रिसिनच. स्ट्रेप्टोमायसिनसाठी स्ट्रए-स्ट्रबी (strA-strB) ही प्रतिरोधक जनुकं असलेला स्ट्रेन घ्या. आर्मए हे प्रतिरोधक जनुक वापरून फसू नका: ते जेंटामायसिन, अमिकासिन अडवतं, पण या दोघांना नाही.

झोनच्या आकारावरून ताकद ठरवू नका, मोठे रेणू अगारमध्ये हळू पसरतात. एमआयसी (वाढ रोखणारी किमान मात्रा) ब्रॉथमध्येच काढा. ०.५ मॅकफारलंडचं (ठरावीक गढूळपणाचं) जिवाणूंचं निलंबन १:१५० पातळ करून त्यातलं ५० मायक्रोलिटर तेवढ्याच औषधात मिसळा, म्हणजे मिलिलिटरला साधारण ५ लाख जिवाणू पडतात. ३५ अंशांवर १६ ते २० तास. सोबत ई. कोलाय एटीसीसी २५९२२ या प्रमाणित स्ट्रेनवर जेंटामायसिन लावा, त्याचं एमआयसी मिलिलिटरला ०.२५ ते १ मायक्रोग्रॅममध्ये आलं नाही तर त्या दिवसाची सगळी प्लेट बाद.

अगार_प्लग
नॅट१ वर झोन गेलाच, तर स्ट्रेन सोडून द्यायचा?

एमआयसी_वाली
रेणू बाजूला ठेवा, स्ट्रेन नको. स्ट्रेप्टोथ्रिसिन १९४२ पासून माहीत आहे आणि मूत्रपिंडाला होणाऱ्या इजेमुळे मागे पडलं. पण एका स्ट्रेनमध्ये असे रेणू बनवणारे वीस-तीस जनुकसमूह असतात, आणि हा एक जोरकस रेणू बाकीच्यांना झाकून टाकतो. २०१९ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राने नेमके स्ट्रेप्टोथ्रिसिन आणि स्ट्रेप्टोमायसिनचे समूह निकामी केले, तेव्हा त्याच जिवाणूंमधून ॲमिसेटिन, थायोलॅक्टोमायसिनसारखे दडलेले रेणू दिसले. ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर दोन-तीन कुप्या आजच ठेवा. वारंवार सबकल्चर केलं तर स्ट्रेप्टोमायसिस रेणू बनवणंच सोडून देतो.