सातारा-शिरवळ रोज १२० किमी: सीएनजी, ईव्ही की आहे तीच गाडी खेचू?

खंबाटकी_रिटर्न:
मंडळी जरा सल्ला द्या. शिरवळ एमआयडीसीत जॉइन झालोय, घर साताऱ्यात, बायकोची शाळा इथंच, त्यामुळे शिरवळला रूम घे वगैरे सांगू नका, ते घरात चर्चून झालंय. जाऊन-येऊन १२० किमी, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ३००० किमी. गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, तीन वेळा टाकी फुल ते फुल मोजलं, १७ देते, त्याच्या वर हलत नाही. १०४ रुपयांनी १८ हजारांच्या वर नुसतं पेट्रोल जातंय आणि पगारवाढ झाली होती १२ हजार, हसा आता. बजेट ९ लाख ऑन रोड. काय घेऊ?

हिशोबी_माणूस:
सीएनजी, विषय संपला. नवीन पेट्रोल गाडी घेतलीस आणि २२ चं अ‍ॅव्हरेज मिळालं तरी १४ हजार जाणार. वॅगनआर सीएनजीचा कंपनीचा आकडा ३४ आहे, तो सोड, हायवेला २८ धर. १०७ किलो लागतील, ९३ भावाने १० हजार. सीएनजी मॉडेलला ९०-९५ हजार जास्त जातात ते दोन वर्षांच्या आत सुटतात आणि त्यानंतर महिन्याला ४ हजार खिशात. छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ चा १८ झाल्यापासून तुझ्या बजेटमध्ये आरामात बसतंय.

रांगेतला_राजू:
हिशोबी साहेब, कागदावर सगळं बरोबर, पण रांगेत कोण उभं राहणार? मी तीन वर्षं सीएनजी चालवतोय म्हणून सांगतो. टाकीवर ६० लिटर लिहिलेलं असतं पण गॅस बसतो ८-९ किलो, म्हणजे ह्या भावाला एक दिवसाआड भरायला लागणार. संध्याकाळी साडेसहाला पंपावर पुढं रिक्षा, मागं टेम्पो, बायकापोरं गाडीतून उतरून कडेला उभी, आणि नंबर आला की नोझलवाला म्हणतो प्रेशर नाय, थांबा. प्रेशर कमी असताना भरला तर ५ किलोच बसतो, म्हणजे उद्या परत या. एकदा हायड्रो टेस्टची तारीख उलटून गेली होती माझी (सिलिंडरची प्रेशर तपासणी, दर तीन वर्षांनी करायला लागते), तर पंपावाल्यानं पाटी बघून गॅस भरायलाच नकार दिला, बरोबरच होतं त्याचं. डिकीत सिलिंडर, गावाला जाताना तांदळाचं पोतं मागच्या सीटवर. पैसे वाचतात हे खरं, पण रांगेतला वेळ कोणत्या एक्सेलमध्ये टाकता?

हिशोबी_माणूस:
सकाळी ६ ला भर की. मी भरतो.

घाटवाली_ताई:
६ ला डबा कोण करणार दादा? 😄
आणि घाटाचं कुणीच बोलत नाही. सकाळी जाताना बोगदा आहे, पण नवीन बोगदे पूर्ण चालू होईपर्यंत संध्याकाळी येताना जुना खंबाटकी चढायचाय. एक लिटरचं इंजिन, सीएनजीवर, एसी लावून चार माणसं, पुढं उसाचा ट्रेलर. दुसऱ्या गिअरवर टाकून इंजिन बोंबलतं तरी ओव्हरटेकला दम नसतो. मी घाटाच्या खालीच पेट्रोलवर बटण दाबते. घाट १.२ वाल्यांना जरा बरा जातो. आणि फक्त स्वस्त म्हणून एअरबॅग, क्रॅश रेटिंग न बघता गाडी घेऊ नका, वर्षाला ३६ हजार किमी हायवेवर काढणार आहात.

वायरमन_७८६:
सगळे गॅस-पेट्रोलमध्येच अडकलेत. ईव्ही घ्या. टियागो ईव्हीची २४ केडब्ल्यूएचची (म्हणजे २४ युनिटची) बॅटरी, २०२२ ला आणली तेव्हा कंपनी एका चार्जला ३१५ किमी सांगायची, आपण हायवेला १९० धरू, तरी १२० करून घरी येऊन शिल्लक राहते. रात्री १५ अँपिअरच्या सॉकेटला लावायची, सकाळी फुल. ३००० किमीला ४३० युनिट, स्लॅबमुळे महाग पडतं म्हणून १५ रुपये धरा, साडेसहा हजार. घाट चढताना बॅटरी खाते, उतरताना थोडी परत भरते, आणि पिकअपला ट्रेलर-बिलर काही वाटत नाही.

हिशोबी_माणूस:
वॉरंटी वाचलीस का? ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमी. ह्याच्या रनिंगला साडेचार वर्षांत खलास. मग विकायला जा, गिऱ्हाईक पहिला प्रश्न बॅटरीचा विचारणार.

वायरमन_७८६:
आणि तुझ्या सीएनजीची ३ वर्षं किंवा १ लाख किमी कितीत संपते? पावणेतीन वर्षांत. किलोमीटर दोघांचे सारखेच मोजतात ना भावा. शिवाय दर १० हजारला सर्व्हिसिंग म्हणजे वर्षाला साडेतीन वेळा ऑइल-फिल्टर, ते धरलं नाहीस.

जुनी_डिझेल:
२०१९ ची डिझेल स्विफ्ट बघा. मारुतीने २०२० ला डिझेल बंद केलं, पण ते १.३ इंजिन हायवेला २३ देतं, महिन्याला १२ हजार, आणि गाडी निम्म्या बजेटात. पण ज्याच्याकडून घ्याल त्याच्या रीडिंगवर विश्वास ठेवू नका, सर्व्हिस हिस्ट्री काढा. मला ७० हजार सांगून सव्वा लाख फिरलेली विकली होती.

खंबाटकी_रिटर्न:
सगळ्यांना धन्यवाद, डोकं अजून फिरलं. ईव्ही मनात भरली होती, पण माझं पार्किंग स्टिल्टमध्ये (बिल्डिंगच्या खाली) आणि मीटर तिसऱ्या मजल्यावर. सोसायटीचे चेअरमन काका म्हणाले "आज तू वायर ओढणार, उद्या सगळे ओढणार". आणि टोलचं? आनेवाडी रोज दोनदा.

हिशोबी_माणूस:
फास्टॅगचा वार्षिक पास काढ, २०२५ ला सुरू झाला तेव्हा ३००० चा होता. नाव वार्षिक, पण २०० फेऱ्या आहेत, प्रत्येक वेळी ओलांडलं की एक. तुझ्या महिन्याला ५०, म्हणजे चार महिन्यांत संपेल. तरी एका वेळेला १५ रुपयांच्या आसपासच पडतात.

घाटवाली_ताई:
एक विचारू का दादा? साताऱ्याहून तुमच्याच शिफ्टला आणखी कुणी जात असेलच ना? आम्ही चौघं आहोत, आठवड्याला गाडी बदलते, माझी महिन्यातून एकच आठवडा निघते. भांडणं होतात, एकजण कायम सात मिनिटं उशिरा येतो, पण माझं पेट्रोल पाऊणपट कमी झालं आणि गाडी बदलायचा विषयच मागं पडला.

खंबाटकी_रिटर्न:
ताई, क्वालिटीला एकजण आहेत गोडोलीचे, रोज पार्किंगमध्ये हात दाखवतात, पण विचारायचं कधी सुचलंच नाही. उद्या विचारतो. चेअरमन काकांकडे रविवारी चहाला जातो, वेगळ्या मीटरचा खर्च मी करतो म्हणून बघतो. दोन्ही फसलं तर सीएनजी, १.२ वाली.

रांगेतला_राजू:
तसं झालं तर पंपावर भेटू. मी साडेसहाला असतोच.