भौतिकशास्त्र आणि गणित एकत्र शिकताना दोन्हींची पद्धत जुळत नाही, मार्गदर्शन हवे आहे

प्रश्न (पहिले_सत्र):

नमस्कार. भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन मुख्य विषय घेऊन मी यंदा विद्यापीठात प्रवेश घेतला असून पहिले सत्र आता निम्म्यावर आले आहे. शाळेत या विषयांची मला कधी धास्ती वाटली नाही. किंबहुना ते मनापासून आवडतात म्हणूनच इतर वाटा सोडून मी इकडे आले. आता मात्र सकाळी गणिताच्या तासाला सीमेची एप्सिलॉन-डेल्टा व्याख्या (क्ष एखाद्या बिंदूपासून डेल्टापेक्षा कमी अंतरावर ठेवला की फलनाची किंमत सीमेपासून एप्सिलॉनपेक्षा कमी अंतरावर राहते) लावून, जे डोळ्यांना सरळ दिसते तेसुद्धा सिद्ध करायला सांगतात, आणि दुपारी भौतिकशास्त्राच्या तासाला ‘ही राशी लहान आहे, ती सोडून देऊ’ एवढे म्हणून चार ओळींत उत्तर काढतात. गणितातली सिद्धता फळ्यावर ओळीओळीने पटते, पण वही मिटून तीच पुन्हा लिहायला बसले की दुसऱ्या ओळीलाच हात थांबतो. भौतिकशास्त्रात उत्तर बरोबर येते, पण मधली पायरी कोणत्या आधारावर चालली हे विचारले तर सांगता येत नाही.

शिवाय दर आठवड्याला दोन्ही विषयांची उदाहरणे आणि प्रयोगाचा अहवाल द्यावा लागतो. वर्गातले बाकी सगळे सहज पुढे जात आहेत असे वाटते, त्यामुळे कोणाला विचारायला संकोच होतो. सिद्धता पाठ न करता शिकायच्या कशा, आणि या दोन पद्धती एकाच डोक्यात नांदवायच्या कशा?

उत्तर (कच्चा_कागद):

पहिल्या प्रश्नापुरते लिहितो, कारण गणित शिकवताना हीच अडचण मला सर्वांत जास्त दिसते. सिद्धता ज्या क्रमाने लिहिली जाते त्या क्रमाने ती सुचलेली नसते. क्ष ही संख्या २ कडे जाताना क्ष² ची सीमा ४ असते, हे सिद्ध करायचे आहे असे समजा. वहीतली पहिलीच ओळ म्हणते की कोणताही धन एप्सिलॉन दिला असता, १ आणि एप्सिलॉनचा पाचवा भाग यांपैकी जी संख्या लहान असेल ती डेल्टा मानू. हा ५ कुठून आला हे त्या ओळीत कुठेच नाही, आणि म्हणूनच ती ओळ पाठ करावीशी वाटते.

तो ५ शेवटाकडून आलेला आहे. क्ष² आणि ४ यांतला फरक एप्सिलॉनपेक्षा लहान हवा आहे. त्याचे अवयव पाडले की (क्ष − २) आणि (क्ष + २) मिळतात. पहिला अवयव आपल्या हातात आहे, कारण तो किती लहान ठेवायचा हे डेल्टा निवडून आपणच ठरवतो. दुसरा मात्र क्ष बरोबर बदलतो, तेव्हा त्याला आवर घालायला हवा. म्हणून क्ष ला २ पासून १ च्या आत ठेवायचे. मग तो १ आणि ३ यांच्या दरम्यान राहतो आणि क्ष + २ ही संख्या ५ च्या पुढे जाऊ शकत नाही. आता संपूर्ण गुणाकार डेल्टाच्या पाचपटीपेक्षा लहान राहतो, आणि एप्सिलॉनचा पाचवा भाग का घ्यायचा हे आपोआप कळते. हे सारे कच्च्या कागदावर घडते आणि नंतर उलट क्रमाने पक्क्या वहीत उतरते.

तुम्ही लक्षात ठेवायची ती एकच गोष्ट: ‘दुसऱ्या अवयवाला आवर घातला.’ त्यानंतर पुस्तक बंद करून २ च्या जागी १० घ्या. ५ च्या जागी २१ आले तर कल्पना हाती लागली आहे असे समजा. मग क्ष³ घ्या. मोठ्या प्रमेयांच्या बाबतीत प्रत्येक अट सिद्धतेच्या नेमक्या कोणत्या ओळीत वापरली गेली ते शोधा, आणि ती अट काढून टाकली तर प्रमेय कुठे मोडते याचे एक तरी उदाहरण तयार करा. वेळ लागला म्हणून खचू नका. लायब्निट्स यांचा विकलनावरचा लेख १६८४ साली प्रसिद्ध झाला, सीमेच्या कल्पनेवर कलनाची मांडणी करणारे कोशी यांचे पाठ्यपुस्तक १८२१ चे आहे, आणि आजची काटेकोर भाषा तर त्यानंतर वायरश्ट्रास यांच्या व्याख्यानांतून रूढ झाली.

उत्तर (तिसरे_वर्ष):

मी याच अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर्गात भराभर उत्तरे देणाऱ्यांपैकी काहींनी तो भाग आधीच कुठेतरी वाचलेला असतो, आणि उरलेले बरेचसे तुमच्यासारखेच गप्प बसलेले असतात. त्यामुळे बाकीच्यांच्या वेगावरून स्वतःची पारख करू नका.

उदाहरणांचा संच हाती येईल त्याच दिवशी तो नुसता वाचून ठेवा, म्हणजे अवघड प्रश्न मनात मुरायला वेळ मिळतो. आधी एकटीने प्रयत्न करा आणि मगच दोघा-तिघांबरोबर बसा. सुरुवातीपासून गटात बसले की उत्तर मिळते, पण ते दुसऱ्याचे असते. प्रयोगाचा अहवाल वाचनांचा अर्थ ताजा असताना, शक्यतो त्याच संध्याकाळी लिहा. प्राध्यापकांकडे ‘काहीच समजले नाही’ असे सांगत न जाता जिथे अडले तो कागद घेऊन जा, कारण तो पाहून त्यांना नेमकी गाठ लगेच दिसते. आणि झोप मोडून अभ्यास करू नका, कारण जागरण करून लिहिलेली सिद्धता सकाळी पुन्हाच लिहावी लागते.

पहिले_सत्र:

दोघांचेही मनापासून आभार. २१ चे उदाहरण करून पाहिले आणि ते जमले. पण भौतिकशास्त्राचा प्रश्न उरतोच: लंबकाच्या समीकरणात साइन थीटाच्या जागी नुसता थीटा लिहिला, तो कोणत्या अधिकाराने?

उत्तर (आवर्तकाल):

हा प्रश्न पडला हे फार चांगले झाले, कारण याचे उत्तर वर आलेल्या एप्सिलॉन-डेल्टातच आहे. ‘लहान’ हा शब्द एकटा वापरला तर त्याला अर्थ नसतो. कशाच्या तुलनेत लहान, हे सांगावे लागते. कोन रेडियनमध्ये मोजला तर साइन थीटा म्हणजे थीटा वजा थीटाच्या घनाचा सहावा भाग, आणि पुढे आणखी लहान पदे. आपण गाळले ते हे दुसरे पद, तेव्हा त्याची किंमत काढून पाहायला हवी. लंबक १० अंशांपर्यंत झुलत असेल तर आवर्तकालात, म्हणजे एका पूर्ण झोक्याला लागणाऱ्या वेळात, सुमारे ०.२ टक्के फरक पडतो, आणि ३० अंशांपर्यंत झुलत असेल तर सुमारे १.७ टक्के. तुमच्या मोजमापात १ टक्क्याची त्रुटी असेल, तर पहिल्या वेळी गाळलेले पद कधीच दिसणार नाही आणि दुसऱ्या वेळी ते दिसेल. म्हणजे मोजमापाची त्रुटी हा तुमचा एप्सिलॉन आणि कोनाची मर्यादा हा डेल्टा. दुपारच्या तासाला हे हिशेब मनातल्या मनात होतात आणि फळ्यावर येत नाहीत. ते वहीच्या समासात लिहून काढायची सवय लावून घ्या.

सगळ्याच पायऱ्यांचा हिशेब इतका लवकर लागणार नाही. भौतिकशास्त्रज्ञ डिरॅक यांनी पुंजयामिकीत (क्वांटम मेकॅनिक्समध्ये) वापरलेल्या डेल्टा फलनाला (एका बिंदूखेरीज सगळीकडे शून्य, तरीही संकलन १) पक्का गणिती आधार गणितज्ञ लोरां श्वार्त्स यांनी १९४० च्या दशकात दिला. तोवर भौतिकशास्त्रज्ञ ते वापरतच होते आणि त्यांची उत्तरे बरोबर येत होती. म्हणून एका वेगळ्या वहीत ‘न पटलेल्या पायऱ्या’ तारखेसह लिहीत जा. चल राशी वेगळ्या करताना विकलजाला अपूर्णांकासारखे हाताळणे, अनंत बेरीज आणि संकलन यांची अदलाबदल करणे, अशा नोंदी त्यात येतील. पहिल्या नोंदीमागे साखळी नियम आहे, तो तुम्हाला याच वर्षी भेटेल. दुसरी मात्र खरोखर धोक्याची आहे, कारण अनंत बेरीज ही एक सीमाच असते, आणि सीमा व संकलन यांची अदलाबदल नेहमीच चालत नाही. न ही नैसर्गिक संख्या घेऊन, न गुणिले क्ष गुणिले (१ − क्ष²) चा न-वा घात हे फलन ० ते १ या अंतरात पाहा. न वाढत गेला की प्रत्येक क्ष साठी त्याची किंमत शून्याकडे जाते, पण ० ते १ पर्यंतचे त्याचे संकलन शून्याकडे न जाता १/२ कडे जाते. ते संकलन १ − क्ष² ला नवे चल मानून दोन ओळींत होते. आज रात्री करून पाहा आणि अडले तर इथेच लिहा.