मदत हवी आहे: फायब्रोमायल्जियामुळे रुग्णता निवृत्ती मिळेल का?

नमस्कार मंडळी. मी सोलापूर जिल्ह्यात झेडपीची शिक्षिका, २००३ पासून, म्हणजे जुनी पेन्शन. फायब्रोमायल्जियाने अंग सतत ठणकतं, झोपून उठलं तरी थकवा तसाच, फळ्यावर लिहिताना खांदा भरून येतो. रक्ततपासणी, एक्स-रे मात्र नॉर्मल. या आजारात तसंच असतं, पण ऑफिसात कोणाला पटायचं? 'ऊन बाधलं असेल, मॅडम' म्हणतात. जानेवारीत!

रुग्णता निवृत्तिवेतनासाठी मेडिकल बोर्डाने नोकरीस कायमचं असमर्थ ठरवावं लागतं. वीस वर्षं भरल्याने स्वेच्छानिवृत्तीही घेता येईल, पण खरं कारण आजार आहे तर तेच कागदावर यावं असं वाटतं.

या आजारासाठी बोर्डापुढे कुणी गेलंय का? संधिवाततज्ज्ञांकडून नेमकं काय लिहून घ्यावं? बोर्डाने नाकारलं तर नंतर स्वेच्छानिवृत्तीला अडचण येते का?