पहिलीच्या वर्गात चित्रपुस्तकं कशी वापरता? सल्ला हवा आहे

यंदा माझ्याकडे पहिलीचा वर्ग आहे, ३४ मुलं. पेटीत तीसेक चित्रपुस्तकं आहेत. रोज एक वाचून दाखवते, मुलं रंगून ऐकतात, पण पुस्तक मिटलं की सगळं संपलं. "काय शिकलात?" विचारलं की दोनच हात वर येतात आणि उत्तर ठरलेलं, "खोटं बोलू नये." परवाच्या गोष्टीत तर खोटं कुणी बोललंच नव्हतं. भाषा, गणित, परिसर या तासांना ही पुस्तकं खरंच कामी येतात का? कोणती घ्यावीत? शिवाय मागच्या मुलांना चित्र दिसत नाही, त्याचं काय करू?

प्रतिसाद १

ताई, रोज नवं पुस्तक काढणं आधी थांबवा. एकच पुस्तक आठवडाभर वाचा. पहिल्या दिवशी सलग, मध्ये एकही प्रश्न नाही. दुसऱ्या दिवसापासून थांबत थांबत.

"काय शिकलात" मी कधीच सोडून दिलंय. चित्रावर बोट ठेवून "इथे काय चाललंय?" एवढंच विचारते, आणि मूल काही बोललं की "कशावरून?" सगळी गंमत या दुसऱ्या प्रश्नात आहे. एकजण म्हणाला, ही आजी आत्ताच रडलीये. कशावरून? "तिच्या मुठीत रुमाल चुरगळलाय." मजकुरात रडण्याचा उल्लेखही नव्हता. धड्याखालच्या प्रश्नांना "का" म्हटलं की गप्प बसणारी मुलं इथे कारण देतात, कारण पुरावा समोर असतो.

पॅट हचिन्स यांचं 'रोझीज वॉक' (१९६८) मिळालं तर जरूर घ्या. अख्ख्या पुस्तकात एकच वाक्य आहे, मूळ इंग्रजीत ३२ शब्दांचं. कोंबडी फेरफटका मारायला निघते आणि जेवणाच्या वेळेला घरी परतते, बस्स. तिच्या मागावर असलेला कोल्हा मात्र फक्त चित्रांत आहे, शब्दांत कुठेच नाही. मी आधी चित्रं झाकून वाचते. मुलं म्हणतात, "एवढंच?" मग चित्रं दाखवत वाचते, तेव्हा वर्ग ओरडून कोंबडीला सावध करू लागतो! त्यानंतर अंगण ओलांडून, तळ्याला वळसा घालून, गंजीवरून, कुंपणातून, मधमाश्यांच्या पेट्यांखालून असा तिचा रस्ता बाकांमधून चालायचा. मग तोच रस्ता कागदावर काढायचा. वरून, खालून, मधून हे शब्द पक्के होतात आणि नकाशाची सुरुवातही होते. लिहू लागलेल्या मुलांना कोल्ह्याच्या बाजूने गोष्ट लिहायला सांगा.

प्रतिसाद २

दिसण्याबद्दल: पुस्तक छातीपुढे नको, खांद्याच्या बाजूला धरा आणि मजकूर जवळपास पाठ असू द्या, म्हणजे तुमची मान सारखी पुस्तकात जाणार नाही. मुलं जमिनीवर अर्धवर्तुळात. ३४ असतील तर सरळ दोन गट करा. एक ऐकेल तेव्हा दुसरा चित्र काढेल. पडद्यावर दाखवलं तर बारकावे दिसतात, पण पान उलटायच्या आधीचा तो थांबा हरवतो. मला तो हवा असतो.

प्रतिसाद ३

गणित आणि परिसर दोन्हींसाठी मी एरिक कार्ल यांचं 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' (१९६९) वापरतो. सुरवंट सोमवारी एक फळ खातो, मंगळवारी दोन, असं शुक्रवारी पाच. पानांना खरोखरची भोकं आहेत, मुलं त्यांत बोट घालून मोजतात. शुक्रवारपर्यंत एकूण किती? कुणी एकेक मोजतं, कुणी चार आणि एक पाच, तीन आणि दोन पाच असे गट करतं. पंधरा कसे आले हे प्रत्येकाने सांगायचं.

पुढचा भाग मला फार मोलाचा वाटतो. पुस्तकात फुलपाखरू 'कोकून'मधून येतं. रेशमाचं तसं वेष्टन अनेक पतंगांच्या अळ्या विणतात. फुलपाखराची अळी शेवटची कात टाकते आणि आतून कोषाचं कवच उघडं पडतं. दोन्हींचे फोटो शेजारी ठेवून मुलांनाच फरक शोधू द्या. छापलेलंही तपासायचं असतं, हे त्यांना याच वयात कळतं.

प्रतिसाद ४

वरचं सगळं मान्य, पण ताई, प्रत्येक पुस्तकातून तास काढू नका. पुस्तकामागोमाग कार्यपत्रक येतं हे मुलांच्या लक्षात आलं की ती ऐकताना धास्तावतात. माझ्या वर्गात हे झालंय आणि ती धास्ती घालवायला महिने गेले. आठवड्यातली दोन पुस्तकं निव्वळ ऐकण्यासाठी ठेवा.

आणि शब्द नसलेली चित्रपुस्तकं पेटीत असायलाच हवीत. घरची भाषा वेगळी असलेली मुलं त्यात मागे पडत नाहीत. मूल सांगेल ते वाक्य त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहा, दुरुस्त न करता, आणि त्यालाच वाचायला लावा. स्वतः बोललेलं असल्याने अक्षरं अडखळत का होईना, लागतात.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सोमवारपासून पेटीतलं एकच पुस्तक धरलंय. काल एकाने मला मुखपृष्ठामागच्या पानावर थांबवलं. तिथे पावलांचे ठसे आहेत, आणि शेवटच्या पानावर तेच ठसे उलट दिशेने जातात. हे पान मी आजवर न बघताच उलटत आले होते. ठसे कुणाचे यावर अजून एकमत नाही. उद्या तेच पुस्तक पुन्हा उघडणार आहोत.