मदत हवी आहे: आठवडाभराच्या जेवणाचं नियोजन जमत नाही, खर्चही आवरत नाही

धावपळ
थेट विचारते. कामाच्या दिवसांत घरच्या जेवणाचं नियोजन कसं करता? रविवारी पिशव्या भरभरून भाजी आणते, बुधवारपर्यंत त्यातली निम्मी मान टाकते आणि गुरुवार-शुक्रवार बाहेरून मागवलं जातं. महिनाअखेरीला किराण्यापेक्षा बाहेरच्या खाण्याचाच आकडा मोठा निघतो. 'मेन्यू लिहून ठेवा' हे कृपया सांगू नका. लिहिलेला आहे, टिकत नाही. उद्या बाजारात जायचंय, त्यामुळे लवकर सांगा.

हिशेबनीस
माणसं किती? मुलांची वयं? दुपारचे डबे न्यावे लागतात का? फ्रीजर केवढा आहे? एवढं कळलं तर काहीतरी नेमकं सांगता येईल.

उनाडवारा
मेन्यू टिकत नाही म्हणजे नक्की कुठे मोडतो? सामान नसतं, वेळ नसतो, की लिहिलेलं त्या दिवशी कुणाला खायचं नसतं? तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

धावपळ
चौघं. मुलं दहा आणि पंधरा वर्षांची. डबे सगळ्यांचे. फ्रीजर नेहमीचाच, वरचा एक कप्पा. मला फक्त आठवड्याची यादी हवी आहे हो.

कढईभर
यादीपेक्षा रविवारचे दोन तास द्या. मी छोले किंवा राजमा एकदम भिजवून शिजवते. किलोभर कोरडे छोले शिजून सव्वादोन ते अडीच किलो होतात. डबाबंद छोल्यांशी तुलना करून बघा, फरक लगेच दिसेल. शेजारच्या शेगडीवर कांदा-टोमॅटो परतून ठेवायचा. हे दोन तयार असले की एक दिवस रस्सा, एक दिवस सॅलड, एक दिवस भातात घालून. भाज्या चिरून डब्यात. आठवडा निघतो.

ताजंचबरं
पूर्ण असहमत. रविवारचं शुक्रवारी खाऊ घालणं मला पटत नाही. मसूर डाळ न भिजवता वीस-पंचवीस मिनिटांत शिजते, तेवढ्यात भाजी होते. रोज ताजं करायला अर्धा तास लागतो. तो काढता येतो, काढायचा असतो.

कढईभर
अर्धा तास शिजवायला. चिरणं, भांडी, आणि 'आज काय करायचं' हा विचार धरलात का? साडेआठला दमून घरी येणाऱ्या माणसाला हे सांगून उपयोग नाही.

वाफ
अन्नसुरक्षा हा माझ्या कामाचा विषय आहे, म्हणून थोडं बोलते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण रविवारचं शुक्रवारी नुसत्या फ्रीजमधून नकोच. शिजवलेलं अन्न ५ अंश सेल्सिअसच्या खाली ठेवलं तर तीन-चार दिवस धरा. त्यापुढचं पहिल्याच दिवशी फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांवर.

भाताला विशेष जपा. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवताना मरत नाहीत. भात तासन् तास ओट्यावर राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून उरलेला भात पसरट ताटात मोकळा करायचा, वाफ गेली की तासाभरात फ्रीजमध्ये ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. मुलांच्या डब्याचा प्रश्न आहे, यात हयगय नको.

उनाडवारा
राजमा मी स्लो कुकरमध्ये रात्रभर ठेवतो. सकाळी तयार! कुणी उठायला नको, ढवळायला नको.

वाफ
उनाडवारा, कृपया असं करू नका. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन असतं, त्याने जोरदार उलट्या-जुलाब होतात. स्लो कुकर पुरेसा तापेलच असं नाही, आणि कमी तापमानावर अर्धवट शिजलेला राजमा जास्त त्रास देतो. किमान पाच तास भिजवा, ते पाणी ओतून द्या, ताज्या पाण्यात खळखळ उकळा. दहा मिनिटं ही अगदी खालची मर्यादा, अर्धा तास धरलेला चांगला. मग हवं तर स्लो कुकर. प्रेशर कुकर तर उत्तमच, त्यात तापमान १२० अंशांच्या आसपास जातं.

स्टीलचाडबा
प्लास्टिकच्या डब्यात गरम अन्न भरू नका. काच किंवा स्टील घ्या. काचेच्या डब्याची झाकणं मात्र लवकर सैल होतात, म्हणून मी पुन्हा स्टीलवर आले.

हिशेबनीस
स्टील मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही. पण तो वेगळ्या धाग्याचा विषय. धावपळ, अजून एक सांगा: गुरुवारी घरी आधी कोण येतं?

धावपळ
मंगळवार आणि गुरुवार मला यायला साडेआठ होतात. नवरा सहाला येतो. पण काय करायचं ते त्याला सुचत नाही, तोवर मुलं भुकेली होतात, मग मागवलं जातं. याचा यादीशी काय संबंध?

हिशेबनीस
सगळा संबंध इथेच आहे! सहाला घरात एक मोठा माणूस आहे आणि पंधरा वर्षांचं मूलही आहे. तुमचा मेन्यू तुमच्या डोक्यातल्या कृतींवर बेतलेला आहे आणि तुम्ही घरात नसता. मंगळवार-गुरुवारचं जेवण जो आधी येतो त्याला करता येईल असं ठरवा.

ताजंचबरं
हे मात्र पटलं. नवऱ्याने सहाला भात लावला तर साडेसहाला ताजा भात तयार. फ्रीजरची गरजच काय?

मीरा_जी
सगळे 'नवऱ्याला सांगा' म्हणताय. सांगायचं कामसुद्धा तिनेच करायचं का? मुळात दोघांनी रविवारी एकत्र बसून ठरवायला हवं. आमच्याकडे दोन दिवस पूर्ण त्याचे असतात, खरेदीपासून भांड्यांपर्यंत. मी त्यात बोलत नाही.

हिशेबनीस
मीरा, मान्य. तरी पहिल्या आठवड्यापुरती चिठ्ठी उपयोगी पडते. आमच्या फ्रीजरमधल्या डब्यावर कागदी पट्टी असते: 'मसूर, चौघांना, १२ तारीख. सकाळी खाली काढ. पातेल्यात ओत, अर्धी वाटी पाणी, चांगली उकळी येऊ दे. भात दोन वाट्या लाव. वरून लिंबू.' एवढं वाचून आमचा मुलगा जेवण मांडतो. लिंबू नुसतं चवीला नाही, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळीतलं लोह जास्त शोषलं जातं.

आता उद्याचा बाजार. वारांना पदार्थ चिकटवू नका, भाज्या टिकण्याच्या क्रमाने लावा. पालेभाजी एकाच वेळेपुरती आणा आणि सोमवारी संपवा. मग फ्लॉवर, फरसबी. कोबी, गाजर आठवडाभर सहज राहतात, त्यांना गुरुवार-शुक्रवार द्या. कांदे-बटाटे एका टोपलीत नकोत, दोन्ही लवकर खराब होतात. अंडी घरात ठेवा, उकडलेली कवचासकट फ्रीजमध्ये आठवडाभर चालतात. शुक्रवारी नवं काही न करता उरलंसुरलं संपवायचं.

उनाडवारा
राजम्याचं माहीत नव्हतं, आभार. भाजी वाया जाण्यावरून आठवलं: संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात १.०५ अब्ज टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं सुमारे ६० टक्के घराघरांतून. हॉटेलं मागे आहेत यात.

स्टीलचाडबा
कुणी नवीन कुकर घेणार असेल तर आधी रिंग बदलून बघा. शिटी नीट होत नाही याचं कारण बहुतेकदा तेच असतं.

धावपळ
कुकर चांगला आहे. हिशेबनीस, क्रमाची कल्पना पटली, उद्या त्याप्रमाणेच आणते. मंगळवार आणि गुरुवारचे डबे दोघं मिळून रविवारी ठरवू, मीराचं म्हणणं त्याला वाचून दाखवलं. एकच अडचण: फ्रीजरच्या कप्प्यात बर्फाचा ट्रे आणि मटार असताना चौघांचे दोन डबे मावणार नाहीत.

कढईभर
डबे ठेवूच नका. अन्न पूर्ण गार करून जाड झिपच्या पिशवीत भरा, हवा काढा, बोटभर जाडीचं सपाट करून ताटावर आडवं गोठवा. गोठलं की पुस्तकांसारख्या उभ्या लावायच्या. पातळ असल्याने वितळतातही लवकर. फक्त रश्शात बटाटा घालू नका, गोठवून काढल्यावर तो भुसभुशीत होतो. आणि बर्फाचा ट्रे रिकामा करून त्यात परतलेला कांदा-टोमॅटो गोठवा, चौघांना तीन-चार तुकडे लागतात.

वाफ
पिशवी आदल्या रात्री फ्रीजमध्ये खाली उतरवा, ओट्यावर नको. खाली ताटली ठेवा, पाणी सुटतं.

धावपळ
ठीक. मसूर आणि छोले, दोन्ही करते. छोले आज रात्रीच भिजत घालते.