सिनेमातल्या विनोदात जुनं नाटक कुठे भेटलं? अनुभव सांगा

सायली_कोकण: काल 'जाने भी दो यारों' (१९८३) लागला होता. शेवटी भ्रष्ट कमिशनर डिमेलोचं प्रेत महाभारताच्या नाटकात द्रौपदीच्या साडीत रंगमंचावर उभं, दुर्योधन चीरहरणाचा बेतच रद्द करतो आणि धृतराष्ट्राचं आपलं 'ये क्या हो रहा है' चालूच! लेक पोट धरून हसली. मला जत्रेतला दशावतार आठवला. देवळामागे द्रौपदी पदर खोचून चहा पीत बसलेली, मिशी नुकतीच उतरवलेली, वरचा ओठ हिरवट. तीच बाहेर आली की बायका डोळे पुसायच्या. ज्याने ते पाहिलंय त्याला हा प्रसंग दुप्पट भिडतो. तुमचंही लिहा.

तिठा: आणि 'वस्त्रहरण'?? गवाणकरांचं नाटक सिनेमाच्या तीन वर्षं आधीचं, १९८०. गावकरी महाभारत बसवतात नि सगळा गोंधळ. मच्छिंद्र कांबळींचो तात्या सरपंच म्हणजे आपलो माणूस! आमच्याकडची कॅसेट झिजली ऐकून ऐकून.

पाटपाणी: अंगूर!! कॉलेजात बाईंनी आधी 'कॉमेडी ऑफ एरर्स' शिकवलं, मग हा दाखवला. देवेन वर्माचे दोन्ही बहादूर (जुळे नोकर) भारी. शेवटी शेक्सपियरची तसबीर डोळा मारते तेव्हा अख्खा वर्ग ओरडला. कुकर झाला, येते.

निळा_डबा: 'टेन थिंग्ज आय हेट अबाउट यू' आजीसोबत पाहिला, शेक्सपियरच्या 'टेमिंग ऑफ द श्रू'वरचा. शाळा पडुआ, बहिणींचं आडनाव स्ट्रॅटफर्ड, हिरो व्हेरोना. गोष्ट सांगितली तर म्हणाली, अगं ही तर केळकरांची 'त्राटिका', त्याच नाटकाचं जुनं मराठी रूप! मग तिच्या वडिलांकडून ऐकलेले त्यातले नट गणपतराव जोशी यांचे किस्से, जेवण गार होईस्तोवर. मूळ नाटकात शेवटी बायको नमते ते मला कधीच पटलं नाही. सिनेमातली कॅट नमत नाही, म्हणून तो जास्त आवडतो.

रातराणी: बाबा गणेशोत्सवात 'संशयकल्लोळ'मधली रेवती करायचे. 'बनवाबनवी'त सचिन-लक्ष्या साडीत आले की आई खूप हसायची. बाबा गेल्यापासून ती तेवढ्यात उठून आत जाते.

तिठा: @रातराणी काकूंना नमस्कार सांग. बाबांचा रेवतीच्या वेषातला फोटो असेल तर जपून ठेव गं.

रातराणी: आहे. नऊवारी, नथ, सगळं. आईच्या कपाटात.

माहेरवाशीण: @सायली कुठली जत्रा गो? जत्रेतलां गोड खाजां खाल्लंस मा?

सायली_कोकण: गावच्या रामेश्वराची. खाजं नसेल तर जत्रा कसली!

माहेरवाशीण: आलं घातलेलं खाजं पुण्यात कुठे मिळतं? मुलांना हवंय.

पाटपाणी: मलाही सांगा. आणि गुळाचंच हवं, साखरेचं नको.